काउंटरच्या अलीकडून : चार सिगारेटी आणि उशाखालचं वेप

या महिन्याच्या पत्रांचा गठ्ठा सोडला तर तीन पत्रं धुराचीच निघाली. म्हणून गुडघ्याच्या तेलाचं पत्र आणि उपासाच्या दिवशी शुगरची गोळी घ्यावी का, हे पत्र पुढच्या अंकावर ढकलतोय. (शुगरवाल्या आजोबांनी तोवर उपासच करू नये.) नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो : परभणीत स्टेशन रोडला माझं मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. आणि आजच्या विषयापुरतं म्हणाल तर 23 वर्षं सिगारेट ओढलेला माणूस आहे.

प्रश्न : मी वाळूजला एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर आहे. वय 33. गाव पाथरीकडचं, इथं भाड्याच्या खोलीत बायको आणि चार वर्षांची मुलगी. आयटीआयला होतो तेव्हापासून सिगारेट. फिरती शिफ्ट असते, रात्रपाळीला 15-16 व्हायच्या. मागच्या दिवाळीला लाइनवरच्या एका मित्रानं पुण्याहून आणलेलं वेप (ई-सिगारेट) दिलं, आंब्याच्या वासाचं. म्हणाला, यानं हळूहळू सुटते. खरंच कमी झाल्या, आता दिवसाला चार. उठल्या उठल्या एक, गेटबाहेर चहासोबत एक, जेवल्यावर एक, झोपायच्या आधी एक. पण या चारच्या खाली कितीही केलं तरी जाता येईना. आणि वेप आता कायम जवळ लागतं, रात्री उशाखाली असतं. संपलं की मित्र नवीन आणून देतो. त्याच्यावर 5 टक्के लिहिलंय, म्हणजे कमी का जास्त? मित्र म्हणतो इंग्लंडात डॉक्टरच हे देतात. दुसरा म्हणतो पोलिसांनी धरलं तर आत टाकतील. खरं काय? आणि या चार कशा सोडू?
— स. प., वाळूज

उत्तर : भाऊ, तुम्ही 15 वरून चारवर आलात. पत्रात हे तुम्ही गुन्हा कबूल केल्यासारखं लिहिलंय, पण दिवसाच्या अकरा सिगारेटी गेल्या, ही कमाई आहे. ती आधी खात्यावर जमा करून घेतो. पुढचं थोडं कडू लागेल.

पोलिसांचं पहिलं उरकू. 18 सप्टेंबर 2019 ला केंद्रानं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, बाहेरून आणणं, विकणं, तिची ने-आण करणं, जाहिरात करणं, सगळा गुन्हा. पहिल्यांदा सापडला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा करून ठेवला तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही. पण तुमचा मित्र पुण्याहून आणून देतो म्हणजे तो काय करायलाय, हे त्यालाही एकदा वाचून दाखवा. उद्या त्याच्यासाठी दोन जास्तीची तुमच्या कपाटात राहिली, तर निस्तरणं तुमच्या गळ्यात येईल.

आता 5 टक्के. टक्के म्हटलं की आपल्याला दुधातल्या फॅटसारखं काहीतरी किरकोळ वाटतं. हिशोब सोपा आहे, टक्क्यांना दहानं गुणा. 5 टक्के म्हणजे दर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम निकोटीन. इंग्लंडात कायद्यानं जास्तीत जास्त 20 पर्यंतच परवानगी आहे. वेपात 2 मिलिलिटर जरी लिक्विड असलं तरी 100 मिलिग्रॅम झालं. एका सिगारेटमधून अंगात जातं साधारण 1 ते दीड मिलिग्रॅम. शिवाय चोरट्या मालावरचा आकडा खरा की खोटा, हे तपासणारं कुणी नाही.

म्हणून तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी अडकलो. वेप उशाखाली. आंब्याचा वास येणारी वस्तू आणि घरात चार वर्षांचं लेकरू. एवढं निकोटीन लहान पोराच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं. आधी उठून ते वरच्या फळीवर, कुलपात ठेवा. बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

इंग्लंडाचं तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. तिथली सरकारी आरोग्यसेवा सिगारेट सोडायला वेपची शिफारस करते, समुपदेशकासोबत काही लोकांना किटही देते. त्यामागं कारण आहे. वेपात तंबाखू जळत नाही. आत एक कॉइल असते, ती लिक्विड तापवते आणि त्याची वाफ होते. जळणच नाही म्हटल्यावर डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाहीच. तिथं 2019 मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला वेप दिलं, दुसऱ्याला निकोटीनचे गम, कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या वगैरे, आणि दोघांनाही दर आठवड्याला बोलायला माणूस. वर्षानं पाहिलं तर वेपच्या गटात शंभरातल्या 18 जणांची सिगारेट सुटली होती, दुसऱ्या गटात 10 जणांची. मी गम विकणारा माणूस, पण आकडा लपवणार नाही.

तुमच्या मित्राला पुढची ओळ मात्र कुणी सांगितली नसणार. वेपच्या गटात ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यातले 80 टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. गमवाल्या गटात गम वगैरे चालू असलेले 9 टक्के. आणि तुमच्या खिशात बहुतेक आहे तसली वापरून फेकायची वेपं त्याच इंग्लंडात 1 जून 2025 पासून विकायला बंद आहेत.

आता माझं सांगतो, कारण तुमची गाडी आज जिथं थांबलीय त्या स्टेशनावर मी अकरा महिने बसून होतो.

तेव्हाच्या औरंगाबादला डी. फार्मसीला होतो, 1997 साली सुरू केली. पुढं दुकान टाकलं, लग्न झालं, दम्याचे पंप विकता विकता स्वतः धुराचा वास मारत काउंटरला उभा राहायचो. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण एक म्हातारी पंप घेताना पदर नाकाला लावायची. 2018 च्या ऑक्टोबरात बहिणीच्या पोरानं पुण्याहून वेप आणून दिलं, तेव्हा बंदी नव्हती. टाकी भरायची, बटण दाबायचं. मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर रोजच्या सिगारेटी लिहायला लागलो. 16 होत्या, महिन्यात 5 झाल्या. घरात सगळ्यांना आनंद.

दुकानात मात्र वेगळंच चालू होतं. सिगारेटला रस्ता ओलांडून टपरीवर जावं लागायचं. वेप काउंटरखालीच. चिठ्ठी वाचताना एक झुरका, सुटे पैसे मोजताना एक झुरका. एकदा शर्टाच्या खिशात टाकी गळली आणि दिवसभर दुकानात स्ट्रॉबेरी. गिऱ्हाईक विचारायचे, “सिरपची बाटली फुटली का हो?” मी हो म्हणायचो. सहावा माणूस आला तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

सिगारेटला एक बरं असतं, ती संपते. दहा-बारा झुरके झाले की थोटूक टाकावंच लागतं, दुसरी पेटवायची तर मनाला विचारावं लागतं. वेप संपत नाही, त्यामुळं विचारायची वेळच येत नाही. माझ्या वहीत सिगारेटी पाच होत्या, पण निकोटीनचा हिशोब त्या वहीत कुठं होता?

मग सप्टेंबर 2019 ला बातमी आली, बंदी. माझ्याकडं अर्धी बाटली लिक्विड होतं. ते संपलं आणि तीन आठवड्यांत वहीत 14 चा आकडा. अकरा महिन्यांत मी वेप कधी बंद करायचं याची तारीखच ठरवली नव्हती. ती दुसऱ्याच कुणी ठरवली आणि मी तोंडघशी पडलो. स. प., तुमचा तो मित्र उद्या कंपनी सोडून गेला, किंवा त्याला माल देणारा पकडला गेला, की तुमचंही हेच होणार.

चार सिगारेटींकडं येतो. तुम्हाला त्या उरल्यासुरल्या वाटतात. मला विचाराल तर ज्या अकरा गेल्या त्या सवयीच्या होत्या, कुणी दिली म्हणून, मशीन बंद पडली म्हणून. या चार तुमच्या मुख्य आहेत. उठल्यावर किती वेळानं पहिली लागते, यावरून निकोटीनची पकड मोजतात. तुमची उठल्या उठल्या आहे, म्हणजे पकड घट्ट आहे. आणि 'चारच तर आहेत' हे काळजाला समजत नाही. 2018 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित हिशोब आला होता. दिवसाला वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा दिवसाला एक ओढणाऱ्यालाही असतो. वीसाची एक केली तर धोका वीसपट उतरेल असं आपल्याला वाटतं. निम्माच उतरतो.

माझी अशी एक होती. रात्री दहाला शटर ओढायचं, कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि त्याच हातानं पाकीट बाहेर. बाकीच्या पंधरा मी कधी ना कधी सोडून पाहिल्या होत्या. हिला सोडायचा मी 23 वर्षांत प्रयत्नच केला नव्हता. शेवटी गम घेऊन बसलो तेव्हा सुरुवात हिच्यापासून केली. शटरचं काम पोराला दिलं, मी दहा मिनिटं आधी मागच्या दारानं निघायचो. पंधरा दिवस पोरगं म्हणायचं, “काका, कामून पळायलाव?”

म्हणून तुमच्या चारच्या तीन, तीनच्या दोन असं मी सांगणार नाही. 2016 मध्ये इंग्लंडातच एक अभ्यास झाला होता. एका गटानं दोन आठवडे कमी करत करत सोडली, दुसऱ्यानं ठरलेल्या दिवशी एकदम. महिन्यानं पाहिलं तर एकदम सोडणाऱ्यांत 49 टक्के टिकले होते, हळूहळूवाल्यांत 39. म्हणजे हळूहळूही सुटते, पण तिला तारीख लागते, आणि तुमची हळूहळू तर दिवाळीपासून चालू आहे. तेव्हा एक तारीख काढा. फर्स्ट शिफ्टचा आठवडा बघून काढा, रात्रपाळीत काढू नका, पहाटे तीनला माणूस कशालाही हो म्हणतो. त्या दिवशी चारही बंद, वेपही बंद, आणि गम सुरू. दोन्ही एकदम नको वाटत असेल तर आधी सिगारेटी जाऊ द्या, पण मग आत्ता हातात आहे ते शेवटचं वेप, नवीन मागवायचं नाही, आणि ते संपलं की गम. उलटं कधीच करू नका. वेप टाकून सिगारेटी वाढवणं हा सगळ्यात वाईट सौदा, मी तो केलेला आहे.

गमबद्दल बैजवार सांगतो, कारण दहातली आठ माणसं ती चुकीची चघळतात आणि मग “तोंड भाजलं, उचकी लागली” म्हणून परत आणून देतात. तो च्युइंगम नाही. एक घ्यायचा, सावकाश पाच-दहा वेळा चावायचा. मिरीसारखं झिणझिणलं की चावणं थांबवा, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा. मिनिटभरानं झिणझिण गेली की परत चावा, आणि मग दुसऱ्या गालात. असं अर्धा तास. निकोटीन गालातून अंगात जायचं असतं. कचाकचा चावला की ते थुंकीबरोबर पोटात जातं, तिथं त्याचा उपयोग नाही, फक्त जळजळ. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. चहानंतर तोंड आंबट राहतं आणि आंबट तोंडात निकोटीन शोषलं जात नाही. तुमचा गेटबाहेरचा चहा आणि गम एकाच वेळी जमणार नाहीत. पहिले पंधरा दिवस तो चहा कॅन्टीनमध्येच प्या, तिथं काडीपेटी नेऊ देत नाहीत हा जादा फायदा.

गम 2 आणि 4 मिलिग्रॅमचे येतात. उठल्यापासून अर्ध्या तासात ज्याला पहिली लागते त्याला सहसा 4 चा लागतो, आणि तो आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देतो. म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखतं, बीपी आहे असं काही असेल तर तेही सांगा. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, आणि बाराव्या आठवड्यात संपला. ही बारा आठवड्यांची रेघ वेपला नसते, म्हणून मी गमच्या बाजूनं आहे. नशा करायलाही त्यात काही मजा नाही, चवीला बेकारच असतो.

पहिले तीन दिवस लई वाईट जातात. चिडचिड होते, डोकं जड होतं, बायकोचं साधं बोलणंही टोचतं, तेव्हा तिला आधीच सांगून ठेवा. तीन-चार आठवड्यांत निवळतं. हाताचं काय करायचं हा प्रश्न गम सोडवत नाही. मी काष्ठौषधीवाल्याकडून ज्येष्ठमधाच्या कांड्या आणल्या होत्या, सिगारेटीएवढ्या तोडून खिशात. (बीपीवाल्यांनी हे करू नये, ज्येष्ठमध रोज चघळलं तर बीपी वाढतं. त्यांच्यासाठी दातकोरणं बरं.) आणि तुमच्याच पाकिटावर एक नंबर छापलेला आहे, 1800-11-2356. फुकट आहे. मी 2020 च्या फेब्रुवारीत लावला होता, लाजत लाजत, दुकानाच्या मागं उभा राहून. पलीकडच्या बाईनं पहिलाच प्रश्न विचारला, उठल्यावर किती वेळानं लागते?

खरं सांगायचं तर माझं अर्धं श्रेय त्या नंबरालाही नाही आणि गमलाही नाही. सातव्या आठवड्यात लॉकडाऊन लागला आणि समोरची टपरी बंद झाली. तुम्हाला लॉकडाऊन मिळणार नाही, पण गेटबाहेरची टपरी पंधरा दिवस तुमच्यापुरती बंद करता येते. दुसऱ्या गेटनं बाहेर पडा.

प्रश्न : माझे मिस्टर 54 वर्षांचे, त्यांना दमा आहे. रोज थिओफिलिनची गोळी चालू आहे. डॉक्टर ओरडले म्हणून त्यांनी अडीच आठवड्यांपूर्वी सिगारेट एकदम सोडली, 2 चा गम चघळतात. दम कमी लागतो, पण आता छाती धडधडते, हात थरथरतात, मळमळतं, रात्रभर झोप नाही. शेजारचे म्हणतात गममुळं होतं, यापेक्षा दोन-दोन ओढू द्या. काय करू?
— एक वाचक भगिनी, जिंतूर

उत्तर : ताई, हे पत्र हातात पडलं त्या दिवशीच मी पत्राच्या लिफाफ्यावरच्या तुमच्या नंबराला फोन करून तुमच्याशी बोललो, तरी इथं छापतोय, कारण हे कुणाच्याही घरी होऊ शकतं.

गमपेक्षा माझा संशय थिओफिलिनवर आहे. सिगारेटच्या धुरातली काही द्रव्यं लिव्हरला असं कामाला लावतात की ते थिओफिलिन भराभर मोडून टाकतं. ओढणाऱ्याला म्हणून ही गोळी जास्त मात्रेत लागते. धूर बंद झाला की आठवड्याभरात लिव्हर सुस्तावतं, आणि तीच मात्रा अंगात साचायला लागते. धडधड, थरथर, मळमळ, झोप उडणं, सगळी त्याचीच लक्षणं. हे काम धुराचं आहे, निकोटीनचं नाही, त्यामुळं गमनं ते थांबत नाही आणि वेपवर गेलेल्या माणसालाही हेच होईल. मनाच्या काही गोळ्यांचंही असंच आहे, ओलान्झापिन आणि क्लोझापिनचं. ती चालू असलेल्यांनी सिगारेट सोडायच्या आधीच डॉक्टरांना सांगावं.

अशी लक्षणं दिसली की गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा, 'सिगारेट सोडली' हे वाक्य पहिलं बोला. ते रक्त तपासतील किंवा मात्रा कमी करतील. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, दम्याचा अटॅक आला तर आणखी फजिती. फिट आली किंवा छातीचे ठोके फारच चुकायला लागले तर वाट न बघता दवाखान्यात न्या.

चहा किती पितात? कॅफिनचंही अगदी असंच होतं. धूर गेला की तेवढाच चहा जास्त चढतो. आपल्याकडं सिगारेट सोडलेला माणूस हाताला काम म्हणून दिवसाला आठ हाफ चहा पितो आणि म्हणतो सिगारेट सोडून झोप गेली. चहा निम्मा करा.

शेजारच्यांना सांगा, दोन-दोन ओढू दिल्या तर गोळीची मात्रा परत डळमळेल.

प्रश्न : मुलगा लातूरला नीटच्या क्लासला आहे, 18 वर्षांचा. दिवाळीला आला तेव्हा बॅगेत पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं, टरबुजासारखा गोड वास. विचारलं तर म्हणाला, आई ती वाफ असते, सिगारेट नाही, अभ्यासात लक्ष लागतं. त्यानं आधी कधी सिगारेट ओढलेली नाही. घरात तंबाखूला कुणी शिवत नाही. मला काहीच सुचेना.
— एक आई, कळंब

उत्तर : ताई, वरच्या स. प. यांना मी जे बोललो त्यातलं एक अक्षरही तुमच्या मुलाला लागू नाही. ते 15 सिगारेटींच्या बदल्यात वेपवर आले. तुमचा मुलगा शून्यावरून आलाय. त्याच्यासाठी वेपात फायद्याचं काहीच नाही, नुसतं निकोटीन. 'लक्ष लागतं' यात तो खोटं बोलत नसेलही, पण निकोटीन अंगातून दोन तासांत निम्मं होतं, मन सैरभैर होतं, झुरका घेतला की जागेवर येतं. जे तहान लावतं तेच नंतर पाणी पाजतं, आणि आपल्याला वाटतं पाणी पाजणारं भलं आहे.

त्या वाफेत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. 2019-20 मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांचा एक आजार पसरला, 2,800 हून जास्त लोक दवाखान्यात गेले, 68 जण दगावले. मुख्य दोषी निघालं व्हिटॅमिन ई अॅसिटेट, तेही बहुतांशी चोरट्या बाजारातल्या गांजाच्या वेपांत. टरबुजाच्या वासाच्या वेपात तेच असेल असं मी म्हणत नाही. चोरट्या मालात काय घातलंय हे तिथंही लोकांना दवाखान्यात गेल्यावर कळलं, एवढंच. मुलाला घाबरवायला हे सांगू नका, तो मोबाइलवर शोधून तुम्हालाच चूक ठरवेल.

क्लासवाल्यांना किंवा होस्टेलला इतक्यात फोन करू नका. ते पोराचं नाव घेऊन ओरडतील आणि तुमचा दोर तुटेल. तो पुढच्या वेळी येईल तेव्हा ताटावर बसल्यावर विषय काढू नका, वडिलांसमोर तर नकोच. एसटी स्टँडवर सोडायला जाल तेव्हा बाकावर शेजारी बसून बोला. शेजारी बसलं की एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, पोरं तेव्हा बोलतात. कशाला घेतलंस, कुणी दिलं, हे विचारू नका. एवढंच विचारा : सकाळी उठल्यावर ते किती वेळानं लागतं? 'क्लासला पोरं ओढतात तेव्हा कधीतरी' असं म्हणाला तर ते त्याच्याकडून मागून घ्या, बहुतेक देईल. 'उठल्या उठल्या' म्हणाला, किंवा गप्प राहिला, तर त्याला घेऊन लातूरच्या डॉक्टरांकडं जावं लागेल. त्याच्या उत्तरासकट मला परत लिहा. आणि ती वस्तू मिळाली तर चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते.